कोकणातलं घर आणि विंचू: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईहून कोकणात कायमचं राहायला आलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात सापांबद्दल विचारतात. बिबट्याबद्दल विचारतात, माकडांबद्दल तर विचारतातच. विंचवाबद्दल सहसा कोणी काढत नाही, आणि काढलं तरी 'चावला की एक रात्र बोंब मारायची, सकाळी उतरतो' एवढं ऐकून गप्प बसतात. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसेल तर जिवावर बेततं, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. म्हणून गावचं घर दुरुस्त करून राहायला आलेल्यांसाठी, नवीन बंगला बांधलेल्यांसाठी आणि होमस्टे काढलेल्यांसाठी हे क्रमाने लिहितो आहे.

आधी ओळख: घाबरायचं कोणाला?

कोकणात घराच्या आसपास साधारण दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक मोठा, काळाकुट्ट, हाताच्या बोटापेक्षा लांब, पुढचे चिमटे खेकड्यासारखे फुगलेले. काही जण याला इंगळी म्हणतात. दिसायला भयंकर, म्हणून सगळी भीती याच्याच वाट्याला येते. तो डसला तर चांगलंच दुखतं, पण सहसा त्यापुढे जात नाही.

दुसरा लहान. लालसर-तपकिरी, कधी मधाच्या रंगाचा, पाय जरा फिकट पिवळे. पुढचे चिमटे बारीक आणि नाजूक, शेपटी मात्र जाडजूड. हा लाल विंचू. शास्त्रीय नाव होटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या लिखाणात मेसोब्यूथस टॅम्युलस असंही सापडेल. जगातल्या सर्वांत घातक विंचवांत याची गणना होते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यात तो भरपूर आहे आणि घाटावरही आहे.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: चिमटे जाड आणि शेपटी बारीक असेल तर विंचू भक्ष्य ताकदीने धरतो, विषावर फार विसंबत नाही. चिमटे बारीक आणि शेपटी जाड असेल तर त्याचा सगळा भरवसा विषावर. आकाराकडे बघून धोका ठरवायची सवय सोडा. काळा मोठा दिसला की घर डोक्यावर घेणारे लोक लाल छोट्याला 'पिल्लू आहे' म्हणून चपलेने बाजूला सारताना मी पाहिलेत.

तो घरात का येतो

विंचू आपल्याला शोधत येत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात, दिवसा लपायला अंगाला घट्ट बसेल अशी फट आणि रात्री खायला झुरळं, रातकिडे, वाळवी, कोळी. कोकणातलं घर या दोन्ही गोष्टी फुकट देतं. जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे आवाराची भिंत, हा तर फटींचा बाजारच. चिरा मुळातच सच्छिद्र, वर सांधे न भरता रचलेला. त्याशिवाय मागल्या दारचा लाकूडफाटा, शेणी, नारळाची सोडणं, पेंढ्याची उडवी, दुरुस्तीनंतर उरलेली कौलं, कोपऱ्यात 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेल्या फरश्या.

त्याला दिसतं बेताचंच. पायांना जमिनीची थरथर कळते, पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात त्यांनी जमीन चाचपत तो फिरतो. भूक फार नाही, एकदा पोट भरलं की आठवडेच काय, महिनेही काढतो. त्यामुळे 'घर सहा महिने बंद होतं, आत काय असणार' हा हिशोब चुकतो. बंद घरच त्याला जास्त आवडतं.

मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते आणि ती पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर असतात. म्हणजे एक मादी दिसली आणि पाठीवर पांढुरकी दाटी असली तर झाडूने फटकारू नका, डझनावारी पिल्लं घरभर पांगतील. पिल्लं आईला खाऊन बाहेर येतात ही मात्र कहाणीच.

वर्षातले दोन काळ जपायचे. मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत, उकाड्यात तो जास्त हिंडतो आणि पहिल्या सरींनी बिळात पाणी शिरलं की कोरडी जागा शोधत वर येतो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर आणि भातकापणीच्या सुमारास. दिवसातली वेळ म्हणाल तर तिन्हीसांजेपासून मध्यरात्रीपर्यंत.

पायरी पहिली: एका रात्रीत घराची पाहणी

काहीही साफसफाई करण्याआधी विंचू कुठे आहेत ते बघून घ्या. यासाठी अतिनील प्रकाशाची विजेरी घ्या, 'यूव्ही टॉर्च' म्हणून ऑनलाइन काही शे रुपयांत मिळते. या प्रकाशात विंचवाचं कवच हिरवट-निळं चमकतं, अगदी दहा-पंधरा फुटांवरूनही ओळखू येते. ३९५ नॅनोमीटरची स्वस्त विजेरी चालते. ३६५ची मिळाली तर जांभळा उजेड कमी आणि चमक जास्त स्पष्ट. विजेरीचा झोत कोणाच्या डोळ्यांत मारू नका, मुलांच्या हातात खेळायला देऊ नका.

अमावास्येच्या जवळपासची रात्र निवडा, घराचे बाहेरचे दिवे बंद करा. पायात घोट्यावर जाणारे बूट, दुसऱ्या हातात साधी विजेरी. गडग्याच्या कडेने सावकाश चाला, मग न्हाणीघराच्या मागे, सांडपाण्याच्या पाइपाजवळ, पायऱ्यांच्या खाली, पडवीच्या जोत्याला लागून. नंतर आत: दाराच्या चौकटी, कपाटामागे, देवघराखाली, माळ्यावर. कौलारू घर असेल तर वाशांवर आणि भिंतीच्या माथ्यावर झोत फिरवा. तो खडबडीत भिंत आरामात चढतो, आणि वरून अंथरुणावर पडू शकतो.

जिथे सापडले त्या जागा कागदावर टिपून ठेवा. बहुतेक घरांत विंचू सगळीकडे नसतात, दोन-तीन ठरावीक ठिकाणी असतात, आणि तिथलं काम केलं की निम्मा प्रश्न सुटतो. एक अपवाद: नुकतीच कात टाकलेले आणि आईच्या पाठीवरचे अगदी कोवळे विंचू चमकत नाहीत.

पायरी दुसरी: मे उजाडायच्या आत करायची कामं

भिंतीला टेकवून काही ठेवायचं नाही, हा पहिला नियम. सरपण, कौलं, चिरे, पत्रे घरापासून लांब, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर रचा. घराच्या भिंतीभोवती दोन-तीन फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा, पालापाचोळ्याशिवाय. हा पट्टा सिमेंटचा केलात तर उत्तम, शेणाने सारवलेला असेल तरी चालेल, पण भेगा बुजवत राहा.

गडगा पाडायची गरज नाही. घराला लागून असलेल्या भागाचे सांधे सिमेंटने भरून घ्या, लांबचा गडगा त्यांना राहू द्या. तिथे ते झुरळं आणि वाळवीच खातात. सगळे विंचू मारून टाकू असा विचार करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की तो नाद सोडा. त्यांना घरातून बाहेर ठेवायचं, एवढंच आपलं काम.

दाराखालची फट हा घरात शिरायचा राजमार्ग. जुन्या सागवानी दारांना उंबरा असतो तो बरा, नव्या बंगल्यांच्या दाराखाली मात्र बोट जाईल एवढी जागा असते. रबरी पट्टी लावून घ्या. न्हाणीघराच्या मोऱ्यांना बारीक जाळी. खिडकीच्या चौकटी आणि भिंत यांच्यातल्या भेगा भरून घ्या. विजेच्या वायरी आणि नळाचे पाइप जिथून भिंतीत शिरतात तिथलं भोक कोणी बुजवत नाही. तेवढं आठवणीने बुजवा.

गुळगुळीत पृष्ठभागावर त्याला चढता येत नाही. बाहेरच्या भिंतीला खालून फूट-दीड फूट चकचकीत टाइल लावली तर त्या भिंतीपुरता तो अडतो. पलंगाचे पाय स्टीलच्या चकचकीत वाट्यांत ठेवायची युक्तीही याच कारणाने चालते, फक्त चादर जमिनीला टेकता कामा नये आणि पलंग भिंतीपासून हातभर सरकवलेला हवा.

फवारणीबद्दल: कोपऱ्यांत औषध मारून विंचू जात नाहीत, ते फटीत आत असतात. औषधाचा खरा उपयोग झुरळं कमी होण्यात. खाणं संपलं की विंचूही सरकतो. रॉकेल शिंपडणं, खडूच्या रेघा ओढणं यांवर भरवसा ठेवू नका. बाहेरचा दिवा रात्रभर जळत ठेवू नका, त्यावर किडे येतात आणि किड्यांमागे विंचू. कोंबड्या पाळल्या असतील तर त्या दिवसा उकिरडा उकरून पुष्कळ काम करतात, पण विंचू निघतो तेव्हा त्या झोपलेल्या असतात. मुंगूस दिसलं तर हुसकावू नका.

पायरी तिसरी: सवयी

इथे लांबण लावत नाही, कारण गावातल्या कोणालाही विचारलंत तर हेच सांगतील. बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. दोरीवरचे कपडे झटकून आत आणा, रात्रभर बाहेर ठेवू नका. अंथरूण घालताना गादी उचलून बघा. मच्छरदाणी गादीखाली खोचा. डासांसाठी म्हणून लावाल, विंचवासाठीही कामाला येईल. रात्री उठताना आधी उजेड, मग पाय, आणि पायात चप्पल. अंधारात सरपणात हात घालायचा नाही. दगड किंवा चिरा उचलताना पलीकडची कड आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे खाली काही असेल तर ते आपल्यापासून लांबच्या बाजूने निघेल. बागेत काम करणाऱ्या माणसाला हातमोजे आणि गमबूट तुम्ही विकत आणून द्या. तो स्वतःहून मागणार नाही.

पायरी चौथी: घरात दिसला तर

आरडाओरडा नको, मुलांना आणि कुत्र्याला बाहेर काढा. एकाने नजर ठेवायची, दुसऱ्याने साहित्य आणायचं: काचेची रुंद तोंडाची बरणी, जाड पुठ्ठा, लांब चिमटा. बरणी वरून पालथी घाला, पुठ्ठा हळूच खाली सरकवा, उलटी करा. गुळगुळीत बरणीतून तो वर येत नाही. घरापासून लांब, वस्ती नसलेल्या कातळावर सोडून द्या.

मारायचाच असेल तर लांब दांड्याच्या फावड्याने, पायाने नव्हे. मेल्यासारखा दिसला तरी हाताने उचलू नका. एक दिसल्यावर त्या रात्री अतिनील विजेरीने खोली पुन्हा बघा. विस्तवाच्या रिंगणात विंचू स्वतःलाच नांगी मारून घेतो, असं दाखवण्यासाठी पोरं जे करतात ते निव्वळ क्रौर्य आहे; तो उष्णतेने आचके देत असतो.

पायरी पाचवी: चावला तर

हा भाग नीट वाचा, शक्य तर घरच्यांना वाचून दाखवा.

विंचवाचं दुखणं हे विष किती भिनलं याचं माप नाही. माणूस वेदनेने तळमळतो आहे, पण अंग कोरडं, हातपाय गरम, उलटी नाही, श्वास नीट, अशा वेळी धोका बहुधा कमी असतो. याउलट चावल्या जागी फारसं दुखत नाही म्हणून शांत बसलेला माणूस अर्ध्या तासाने घामाने चिंब होतो, तेव्हा गाडी काढायला उशीर झालेला असतो. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना सतत चेतवत ठेवतं, शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी होतं. माणूस दगावतो तो यामुळे.

धोक्याची लक्षणं: दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, तोंडाला लाळ सुटणं, छातीत धडधड, अस्वस्थपणा. पुरुषाच्या किंवा लहान मुलग्याच्या लिंगाला आपोआप ताठरता येणं हेसुद्धा विष अंगात भिनल्याचं महत्त्वाचं लक्षण आहे. संकोचाने लपवू नका, डॉक्टरांना सांगा. पुढची पायरी म्हणजे धाप, खोकला आणि गुलाबी फेस. तिथपर्यंत थांबायचं नसतं.

न बोलणारं मूल रात्री अचानक किंचाळून उठलं, थांबतच नाही, घामाघूम झालं, लाळ गळते, उलटी केली, तर पोटदुखी समजून ओवा देत बसू नका. अंथरूण झटका आणि मुलाला उचलून निघा.

काय करायचं: माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालू देऊ नका, गाडी तर त्याला मुळीच चालवू देऊ नका. अंगठी, बांगडी, पैंजण काढा. जागा साबण-पाण्याने धुवा. दुखत असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. विंचू समोरच असेल तर मोबाइलवर फोटो काढा, शोधत बसू नका. मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. स्वतःची गाडी नसेल तर १०८ला फोन. लाल विंचवाच्या पट्ट्यात राहता तर 'बघू थोडा वेळ' हा पर्याय मनातून काढून टाका, आणि मूल असेल तर काळा की लाल हा प्रश्नही विचारू नका.

काय नाही करायचं: दोरी आवळायची नाही, चीर द्यायची नाही, तोंडाने ओढायचं नाही, दारू पाजायची नाही. चिंचोका उगाळून चिकटवणं, अघाड्याचं मूळ लावणं, मिरची, रॉकेल, यातल्या कशानेही अंगात गेलेलं विष परत येत नाही.

आणि मांत्रिक. गावात विंचू उतरवणारा कोणीतरी असतोच, बऱ्याचदा भला माणूस असतो, पैसेही घेत नाही. त्याच्याकडे गेलेले बहुतेक जण बरे होतात हेही खरं. कारण बहुतेक दंशांत विष फार गेलेलं नसतं किंवा विंचूच साधा असतो, आणि वेदना काही तासांनी आपोआप ओसरते. मंत्र टाकला नसता तरी ओसरली असती. जे थोडे खरोखर विषबाधेचे असतात, त्यांचे सोन्यासारखे पहिले तास तिथे जातात. शेजाऱ्यांनी आग्रह केला तर भांडू नका. 'दवाखान्यातून आल्यावर नक्की जाऊ' म्हणा आणि गाडीत बसा.

दवाखान्यात काय होतं, आणि तुम्ही काय सांभाळायचं

एकेकाळी लाल विंचवाच्या विषबाधेने फुप्फुसांत पाणी होऊन पश्चिम भारतात गंभीर रुग्णांपैकी साधारण २५ ते ३० टक्के दगावत. हे चित्र बदललं त्याची मुळं महाड परिसरात आहेत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या, १९८२ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या छापून आल्या, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०११ साली 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली: विंचवाचं प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईतल्या हाफकिन या लस आणि औषधं बनवणाऱ्या संस्थेने हे प्रतिविष तयार केलं. सापाचं प्रतिविष वेगळं, ते विंचवावर चालत नाही.

प्राझोसिन विषाने उसळलेल्या रक्तवाहिन्यांचा ताण उतरवतं. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष निकामी करतं, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. इथपर्यंत वाचून कोणी प्राझोसिनची पट्टी घरात आणून ठेवायचा विचार करत असेल तर नको. मात्रा वजनावर ठरते, आणि चुकीच्या वेळी रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

नातेवाइकांनी सांभाळायच्या दोन गोष्टी. औषध दिल्यावर रुग्ण आडवाच राहिला पाहिजे. लघवीला जायचं म्हणून एकटा उठला की चक्कर येऊन पडतो. भांडं खाटेजवळ मागून घ्या. दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते. डॉक्टर चावल्या जागी भूल देणारं इंजेक्शन देतात, वेदना मिनिटांत थांबते, आणि घरचे म्हणतात, 'झालं, चला.' वेदना थांबली म्हणजे विष थांबलं असं नाही. डॉक्टर जाऊ म्हणेपर्यंत, बहुधा रात्रभर, तिथेच थांबा. दर थोड्या वेळाने हातापायाला हात लावून बघा. गार होते ते गरम होत आले, घाम सुकला, म्हणजे गाडी रुळावर येते आहे.

हे आजच करून ठेवा

जवळच्या आरोग्य केंद्रात एखाद्या सकाळी सहज जाऊन या. रात्री डॉक्टर असतात का, प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष दोन्ही आहे का, नसेल तर ते कुठे पाठवतात, हे विचारा. तिथले लोक अशा चौकशीला वैतागत नाहीत, उलट बरं वाटतं त्यांना. ज्या रुग्णालयात हे सगळं मिळतं त्याचं नाव, फोन आणि रात्रीचा रस्ता कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा, कारण कोकणात नेमकं त्याच वेळी नेटवर्क जातं. गाडीत पेट्रोल ठेवा.

होमस्टे चालवत असाल तर तोच कागद मराठी आणि हिंदीत पाहुण्यांच्या खोलीत. पाहुणे घाबरून परत जातील अशी धास्ती अनेकांना वाटते. बूट झटकून घाला, रात्री चप्पल घाला, काही चावलं तर लगेच हाक मारा, एवढ्या तीन ओळींनी कोणी परत जात नाही. राखणदाराला आणि स्वयंपाकाच्या मावशींनाही घामाची आणि गार हातापायांची खूण सांगून ठेवा. मालक मुंबईत असताना रात्री अकरा वाजता तिथे तेच असतात.